कोपराने वाजणारे वाद्य

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा कामगार कायद्यांवर किंवा बंद पडलेल्या कारखान्यांवर मी बोलावे अशी त्यांची अपेक्षा असावी. माझा विषय ऐकून ते क्षणभर थांबले. आयर्लंडमधील एक वाद्य, ते कसे शिकतात आणि कसे नीट राखतात, यावर युनियनच्या माणसाने बोलण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता. आपल्याही मनात तो असेल. प्रयोजन आहे, आणि ते विवेचनाच्या ओघात स्पष्ट होईल. आरंभी एवढेच सांगून ठेवतो की, हे वाद्य वाजविणे आणि घडविणे हा एक हुन्नर आहे, आणि हुन्नर कसा टिकतो व कसा मरतो हा माझ्या आयुष्यभराच्या कामातला प्रश्न आहे.

संगीतशास्त्राचा मी अभ्यासक नव्हे. दहावीनंतर शाळा सुटली, टर्नर म्हणून लेथवर उभा राहिलो, पुढे युनियनचे काम अंगावर आले. जे काही वाचन झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि लोकलच्या प्रवासात. १९१३ साली डब्लिन शहरात मालकांनी कामगारांवर लादलेल्या मोठ्या टाळेबंदीविषयी वाचता वाचता मला त्या देशाची ओढ लागली. माझी भाची तेथे एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिच्याकडे दोन वेळा राहण्याचा योग आला. त्या मुक्कामात या वाद्याच्या प्राथमिक वर्गात जाऊन बसलो, वाद्य हाती घेऊन पाहिले, आणि ते घडविणाऱ्यांचे काम लेथवाल्याच्या नजरेने न्याहाळले. तेवढ्या भांडवलावर हे चार शब्द सांगत आहे.

बॅगपाइप म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लष्करी संचलनातला बँड उभा राहतो. रंगीत चौकड्यांचा पोशाख, तोंडात नळी, काखेत पिशवी आणि कानठळ्या बसविणारा आवाज. तो स्कॉटलंडचा डोंगरी पाइप. तो तोंडाने फुंकतात, उभ्याने किंवा चालत वाजवितात, आणि मोकळ्या मैदानासाठीच तो घडविलेला आहे. त्याची स्वरमर्यादा अवघ्या नऊ स्वरांची. आयर्लंडचा जो पाइप मी सांगणार आहे तो याच कुळातला असला तरी स्वभावाने निराळा आहे. तो बसून वाजवितात, घरात वाजवितात, त्याचा आवाज गोड आणि आटोपशीर असतो, आणि त्याच्या मुख्य नळीतून पूर्ण दोन सप्तके निघतात. मुख्य म्हणजे त्याला तोंड लावावे लागत नाही. त्याला हवा पुरविते ती लोहाराच्या भात्याची धाकटी बहीण म्हणावी अशी एक भाती, आणि ती चालते वादकाच्या कोपराने.

या वाद्याला आज इलन पाइप म्हणतात. आयरिश भाषेत ‘इलन’ म्हणजे कोपराचा. नाव चपखल आहे, परंतु ते जुने नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रॅटन फ्लड नावाच्या संगीत-इतिहासकाराने ते रूढ केले. शेक्सपिअरच्या एका नाटकात बॅगपाइपला ‘वुलन’ असे विशेषण लावलेले आहे. ते मुळात ‘इलन’च असले पाहिजे, असा तर्क त्याने लढविला. पुढच्या अभ्यासकांना तो तर्क पटला नाही, पण नाव मात्र चिकटले. त्याआधी शंभर वर्षांहून अधिक काळ या वाद्याला म्हणत होते ‘युनियन पाइप’! हे मला प्रथम कळले तेव्हा मी मनातल्या मनात खूश झालो, हे कबूल करतो. या ‘युनियन’चा कामगार संघटनेशी संबंध नाही. कोणी म्हणतात, अनेक नळ्यांचा संयोग म्हणून युनियन. कोणी १८०० च्या कायद्याने झालेल्या इंग्लंड-आयर्लंडच्या जोडणीकडे बोट दाखवितात. पण हे नाव त्या कायद्याच्या आधीपासून छापलेले आढळते, तेव्हा दुसरा अर्थ टिकत नाही. १८०४ च्या सुमारास ओ’फॅरेल नावाच्या वादकाने युनियन पाइपसाठी स्वरलिपीचा एक संग्रह प्रसिद्ध केला आणि त्याला शिकाऊंसाठी सूचना जोडल्या. म्हणजे पुस्तकावरून हे वाद्य शिकविण्याचा प्रयत्न दोनशे वर्षांचा तरी जुना आहे.

आता वाद्याची रचना पाहू. उजव्या हाताच्या कोपराजवळ आणि कमरेला पट्ट्यांनी बांधलेला भाता असतो. डाव्या काखेत चामड्याची पिशवी. भात्यातून पिशवीत जाणाऱ्या नळीत एक झडप बसविलेली असते. हवा आत जाते, मागे परतत नाही. उजवे कोपर भाता हलविते, डावे कोपर पिशवी दाबते. पिशवीच्या मानेला जोडलेली मुख्य नळी ती चँटर. सनईप्रमाणे तिला पुढे सात आणि मागे अंगठ्यासाठी एक अशी छिद्रे. शिवाय कोमल-तीव्र स्वरांसाठी पितळी चाव्या बसविण्याची सोय. उजव्या मांडीवर आडव्या विसावतात त्या तीन ड्रोन नळ्या. आजकाल ड्रोन म्हटले की आकाशातले यंत्र आठवते, म्हणून सांगतो की ड्रोन म्हणजे आस धरणारी नळी. आपल्या सनईवाल्याच्या शेजारी बसून एकच स्वर धरून ठेवणारा सुरकरी असतो, किंवा गवयामागे तंबोरा असतो, तेच हे काम. तीन नळ्यांपैकी एकीचा स्वर चँटरच्या सर्वांत खालच्या स्वराशी जुळतो, दुसरी त्याच्या एक सप्तक खाली आणि तिसरी दोन सप्तके खाली बोलते. एका चावीने तिन्ही बंद करता येतात.

याखेरीज आणखी तीन नळ्या असतात आणि त्याच या वाद्याचे वैशिष्ट्य. त्यांना रेग्युलेटर म्हणतात. या नळ्या टोकाला बंद असतात आणि त्यांवर ओळीने चाव्या असतात. साधारणपणे तिन्ही मिळून तेरा. चावी दाबली तरच स्वर निघतो. आता दोन्ही हातांची बोटे चँटरवर गुंतलेली; मग या चाव्या दाबायच्या कशाने? उजव्या मनगटाच्या कडेने! बोटे धून वाजवीत असतानाच हाताची कड चाव्यांवर टेकवून साथीचे स्वर काढावयाचे. कोपरे दोन, मनगट एक, बोटे दहा आणि एक मांडी, असा सारा देह या वाद्याच्या कामाला लागतो.

मांडी का, ते सांगतो. चँटरचे खालचे तोंड उघडे असते. वादक ते मांडीवर ठेवलेल्या चामड्याच्या तुकड्यावर टेकवितो. सर्व छिद्रे बोटांनी बंद आणि तोंड मांडीवर बंद, म्हणजे चँटर गप्प. स्कॉटिश पाइप एकदा सुरू झाला की त्याला श्वास घ्यायला थांबता येत नाही. एका स्वरातून दुसऱ्यात जाणे एवढेच त्याच्या हाती. इलन पाइपला मात्र स्वर तोडता येतात, दोन स्वरांमध्ये नि:शब्दता आणता येते. एका स्वराला लागेल तेवढेच बोट उचलायचे आणि लगेच मिटवायचे, अशा तुटक, मोती ओवल्यासारख्या वाजविण्याला तिकडे ‘घट्ट’ वादन म्हणतात; स्वर एकमेकांत वाहू देणाऱ्या वाजविण्याला ‘मोकळे’. दोन्ही रीतींचे मोठमोठे वादक होऊन गेले, आणि श्रेष्ठ कोणती यावर आपल्याकडे घराण्यांवरून होतात तसे वाद तेथेही रंगतात.

वरच्या सप्तकात जाण्यासाठी वेगळी छिद्रे नाहीत. चँटर क्षणभर मांडीवर मिटवावयाचा, डाव्या कोपराने पिशवीवरचा दाब किंचित वाढवावयाचा आणि मग बोट उघडावयाचे. तोच स्वर उडी मारून वरच्या सप्तकात जातो. हे घडते ते चँटरच्या आतल्या पोकळीमुळे. ती सरळ नळीसारखी नसून वर अरुंद आणि खाली रुंद होत जाणारी, शंकूसारखी असते. सरळ पोकळीच्या नळीत रीड बसवून दाब वाढविला तर स्वर सप्तकभर चढत नाही, त्याहूनही वर बाराव्या स्वरावर जातो. म्हणून हा शंकू अचूक साधला पाहिजे. लेथवर काम केलेल्यांना सांगायला नको की लांब, निमुळते छिद्र कठीण लाकडात पाडणे म्हणजे काय असते. कारागीर आधी सरळ भोक पाडतात, मग स्वत: बनविलेल्या निमुळत्या रीमरने ते हळूहळू वाढवीत नेतात. आफ्रिकन ब्लॅकवुड, आबनूस, बॉक्सवुड अशी लाकडे वापरतात. ती वर्षानुवर्षे मुरवावी लागतात. केसाएवढा फरक पडला तरी खालचे आणि वरचे सप्तक एकमेकांशी जुळत नाहीत. ते पाहताना माझ्या मनात आले, आमच्या कारखान्यातल्या जुन्या टर्नरांना हे काम दिले असते तर त्यांनी आनंदाने केले असते.

आता शिकण्याविषयी. आयर्लंडमध्ये एक म्हण आहे की पाइपवादक तयार व्हायला एकवीस वर्षे लागतात. सात शिकण्याची, सात सरावाची आणि सात वाजविण्याची. म्हणीतली अतिशयोक्ती सोडली तरी क्रम खरा आहे. नव्या माणसाच्या हाती पूर्ण वाद्य कोणी देत नाही. त्याला मिळतो तो सराव-संच. भाता, पिशवी आणि चँटर एवढेच. त्यावर हात बसला की तीन ड्रोन जोडतात. त्याला अर्धा संच म्हणतात. पुढे रेग्युलेटर आले की पूर्ण संच. अर्ध्या संचापर्यंत यायला काही वर्षे जातात, आणि कित्येक उत्तम वादक तेथेच समाधानाने राहतात.

पहिले धडे बोटांचे नसतातच. ते असतात कोपरांचे. भाता ठोक्याठोक्याने हवा देतो, पण पिशवीतून चँटरकडे जाणारा प्रवाह अखंड आणि सारखा पाहिजे. उजवे कोपर भाता उघडीत असते तेव्हा डाव्याने पिशवी दाबत राहायचे. उजवे हवा भरू लागले की डाव्याने तेवढेच सैल व्हायचे. दाब कमी झाला तर स्वर उतरतो आणि घोगरा होतो. वाढला तर नको तेव्हा वरच्या सप्तकात किंचाळतो. शिक्षक नवशिक्याला एकच स्वर धरून बसवितात, आणि तो स्वर तंबोऱ्याच्या तारेसारखा सरळ राहीपर्यंत पुढे जाऊ देत नाहीत. पहिल्या दिवशी बहुतेकांची मान अवघडते, खांदे वर चढतात, आणि चँटर बदकासारखा ओरडतो. वर्गातल्या शिक्षकाचे एक वाक्य माझ्या लक्षात राहिले, ते असे की, भात्याला जोर लागत नाही, सवय लागते. ज्याने संध्याकाळी थकल्या अंगाने मशीन चालविले आहे त्याला या वाक्यातला अर्थ पटेल.

त्यानंतर बोटे. बासरी वाजविणाऱ्याने बोटांची टोके वापरण्याची सवय केलेली असते. येथे बोटे सरळ ठेवून मधल्या पेरांच्या गादीने छिद्रे झाकावी लागतात. एखादे बोट जरा उचलले गेले की हवा गळते आणि सगळ्यांत खालचा स्वर लागतच नाही. मग अलंकार. आयरिश संगीत मुख्यत: नाचाचे, जिग, रील, हॉर्नपाइप हे त्याचे ठेके. याशिवाय संथ, विलापासारख्या चाली असतात आणि त्या गाण्याच्या शब्दांवरून शिकाव्या असा दंडक आहे. मूळ स्वराला वरून किंवा खालून बोटाचा निसटता स्पर्श देणे, त्यांची गुंफण करणे, हे अलंकार. ‘क्रॅन’ नावाचा एक अलंकार खास या वाद्याचा मानला जातो. खालचा स्वर चालू असताना वरची बोटे एकामागून एक झटक्यात उघडून मिटायची, म्हणजे तो स्वर थरारल्यासारखा तुटत जातो. हे सारे स्वरलिपीत पूर्णपणे लिहिता येत नाही. शेजारी बसून, ऐकून, बोटांकडे पाहूनच ते येते. आपल्याकडे गुरुमुखाची विद्या म्हणतात ती हीच.

परंतु वाजविणे ही अर्धी विद्या झाली. उरलेली अर्धी म्हणजे वाद्य नीट राखणे, आणि तिचा प्राण आहे रीड. एका पूर्ण संचात सात रिडी असतात. चँटरची एक, ड्रोनच्या तीन, रेग्युलेटरच्या तीन. चँटरची आणि रेग्युलेटरच्या रिडी दुहेरी पात्यांच्या, सनईच्या पत्तीच्या जातीच्या. ड्रोनच्या एकेरी जिभेच्या, पुंगीतल्यासारख्या. रीड करतात ती दक्षिण युरोपात वाढणाऱ्या एका उंच नळ-गवताची. आपल्याकडे बोरूची लेखणी करीत, त्याच्या नात्यातली ही वनस्पती. तिची कांडी चिरून पट्टी काढायची, आतून कोरून व घासून पातळ करायची, दोन पट्ट्या समोरासमोर ठेवून पितळी नळीवर मेण लावलेल्या दोऱ्याने घट्ट बांधायच्या, बाहेरची साल टोकाकडे तासून ओठ तयार करायचे, आणि भोवती तांब्याच्या पत्र्याची किंवा तारेची एक कडी चढवायची. या कडीला तिकडे लगाम म्हणतात. लगाम थोडा आवळला की रीडचे ओठ मिटतात, सैल केला की उघडतात. ओठ फार उघडे असतील तर वाद्य वाजवायला जड. फार मिटलेले असतील तर आवाज दबलेला. रीड जरा जास्त तासली गेली की फुकट. दहा केल्या तर त्यातली एखादी चांगली निघते, असे तिकडचे अनुभवी लोकही सांगतात.

भात्याच्या हवेचा एक मोठा फायदा येथे आहे. तोंडाच्या वाफेने रीड भिजते आणि लवकर कुजते. भात्याची हवा कोरडी, म्हणून जपून वापरलेली रीड वर्षानुवर्षे टिकते. एकच रीड वीस-वीस वर्षे वापरणारे वादक आहेत. परंतु कोरडी म्हणूनच ती हवामानाला हळवी. आयर्लंडच्या दमट हवेत गोड बोलणारी रीड कोरड्या देशात गेली, किंवा हिवाळ्यात तापविलेल्या खोलीत राहिली, की रुसते. यावर नवशिक्याला पहिली ताकीद अशी की रिडीला हात लावू नये. आज बिघडलेली वाटली तरी उद्या हवा बदलली की ती ताळ्यावर येते. उतावळेपणाने तासलेली मात्र पुन्हा जुळत नाही. चँटर तोंडाने फुंकून पाहू नये, वाद्य उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नये, आणि रोज थोडे तरी वाजवावे, कारण पडून राहिलेले वाद्य लवकर बिघडते.

दुरुस्तीला एक क्रम आहे आणि तो कारखान्यातल्या कोणत्याही फिटरला ओळखीचा वाटेल. स्वर बिघडला तर आधी रिडीवर संशय घ्यावयाचा नाही. आधी गळती पाहावयाची. पिशवीची सगळी तोंडे बुचांनी बंद करून ती भरतात, दाबून धरतात आणि हवा किती वेळ टिकते ते पाहतात. शिवणीजवळ गाल नेला की बारीक झुळूक कळते. मग भात्याच्या झडपेचे चामडे, मग सांध्यांवरचा मेणाचा दोरा, मग चाव्यांखालच्या चामड्याच्या गाद्या. हे सगळे ठीक असेल तरच चँटरकडे वळायचे. एखादाच स्वर चढा लागत असेल तर त्या छिद्राच्या वरच्या काठाला किंचित मेण लावून तो उतरवितात. सगळेच स्वर चढे किंवा उतरे असतील तर रीड थोडी बाहेर किंवा आत सरकवितात. सप्तके जुळत नसतील तर पोकळीत खालून एक बारीक काडी सरकवून ठेवतात. पूर्वी ती पाणवठ्यावरच्या लव्हाळ्याची असे. ड्रोन जुळविणे त्या मानाने सोपे, कारण त्यांच्या नळ्या एकमेकींत सरकणाऱ्या असतात. लांबी वाढविली की स्वर उतरतो, कमी केली की चढतो. तंबोऱ्याची जवारी लावताना मिरजेचा कारागीर सुताचा दोरा तारेखालून जसा रेसभर सरकवितो, तशीच ही नजाकत.

एवढे किचकट वाद्य टिकले कसे, हा आता प्रश्न येतो. खरे सांगायचे तर ते जवळजवळ मेलेच होते. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून डब्लिनमध्ये केना, कॉइन अशा नामांकित कारागिरांची दुकाने होती. गावोगावी वादक होते, त्यांत अंध पुष्कळ. ज्याला शेतावर काम करता येत नाही त्याला पोटापाण्यासाठी हा एक धंदा होता. क्लेअर परगण्यातला गॅरेट बॅरी (१८४७–१८९९) त्यांपैकीच. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्याच्या पिकाचा नाश होऊन भयंकर दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. ऐकणारे गेले, नाचणारे गेले, बिदागी देणारे गेले. वादकांनी तरी कोणासाठी वाजवावे? पुष्कळ अमेरिकेला गेले. ड्रॉगेडा गावचे टेलर बंधू फिलाडेल्फियाला जाऊन तेथे वाद्ये घडवू लागले. मोठ्या नाट्यगृहात ऐकू जावा म्हणून त्यांनी अधिक मोठ्या आवाजाचा आणि चढ्या पट्टीचा पाइप घडविला. आज सर्वत्र दिसतो तो बहुतांशी त्यांच्याच वळणाचा. पॅट्सी टूही हा तिकडचा थोर वादक मेणाच्या नळकांड्यांवर आपले वादन मुद्रित करून विकीत असे. शिकागोचा पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओ’नील याने १९०३ साली आयरिश धुनांचा मोठा संग्रह छापला. मायदेशी जे विरत चालले होते ते परदेशी मजुरांच्या वस्त्यांत जपले गेले.

१९०० साली डब्लिनमध्ये पाइपवादकांचे एक मंडळ निघाले. त्याचा चिटणीस एमन केंट हा डब्लिन महापालिकेत हिशेबाचा कारकून. दिवसा जमाखर्च आणि संध्याकाळी पाइप, असा त्याचा क्रम. १९१६ च्या उठावाच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या सात जणांपैकी तो एक, आणि ८ मे १९१६ रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. मंडळ पुढे थंडावले. १९३६ साली त्याला पुन्हा उभे केले ते लिओ राउसम (१९०३–१९७०) याने. तो वाद्ये घडवी, दुरुस्त करी, वाजवी आणि शिकवी. डब्लिनच्या महापालिका संगीतशाळेत त्याने सुमारे पन्नास वर्षे शिकविले. त्याच्या शिष्यांतून पुढे ‘चीफटन्स’चे पॅडी मलोनी आणि लियम ओ’फ्लिन यांच्यासारखे जगप्रसिद्ध वादक निघाले.

दुसरा धागा रस्त्यावरचा. जॉनी डोरन हा फिरस्ता वादक घोडागाडीतून जत्रा-बाजार फिरत असे. १९४७ साली आयरिश लोकविद्या आयोगाच्या माणसाने त्याचे थोडे वादन तबकड्यांवर उतरवून घेतले. पुढच्याच वर्षी वादळात एक भिंत त्याच्या गाडीवर कोसळली, तो पंगू झाला आणि १९५० साली वारला. ते ध्वनिमुद्रण आणखी वर्षभर लांबले असते तर ती मोकळी, धावती शैली ऐकायला कायमची मुकावे लागले असते. डोरनला प्रत्यक्ष ऐकून शिकलेला विली क्लॅन्सी (१९१८–१९७३) हा सुतार. त्याच्या गावी, मिलटाउन मॅल्बे येथे, १९७३ पासून दरवर्षी जुलैत त्याच्या नावाची उन्हाळी शाळा भरते.

तिसरी हकिकत एका पोत्याची. १९०८ साली जेम्स एनिस नावाच्या आयरिश माणसाने लंडनमधील एका गहाणवटीच्या दुकानातून जुन्या पाइपचे सुटे तुकडे भरलेली पिशवी विकत घेतली. डब्लिनच्या कॉइन कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात घडविलेला तो संच होता. तो दुरुस्त होऊन वाजू लागला. जेम्सचा मुलगा शेमस एनिस (१९१९–१९८२) त्यावर वाजवीत मोठा झाला, गावोगाव फिरून त्याने शेकडो धुना टिपून घेतल्या, आणि मरताना तो संच लियम ओ’फ्लिनला ठेवला. एका गहाणखान्यातली अडगळ तीन पिढ्यांच्या हातून सभागृहांपर्यंत पोहोचली. मधल्या काळात ते तुकडे ओळखणारा कोणी भेटला नसता, तर ती लाकडे चुलीत गेली असती.

तरीही, १९६८ साली जगात हे वाद्य वाजविणारे शंभरसुद्धा नव्हते असे सांगतात. त्या वर्षी उरल्यासुरल्या वादकांनी एकत्र येऊन ‘ना पीबरी इलन’, म्हणजे इलन पाइपवादक, या नावाची संस्था स्थापिली. ब्रॅंडन ब्रानॉक हे तिचे पहिले अध्यक्ष. पुढे जे घडले ते आपण लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. त्या वादकांनी सरकारकडे केवळ स्मारक मागितले नाही. त्यांनी मेळावे भरविले. म्हातारे वादक आणि पोरे एका खोलीत बसतील अशी व्यवस्था केली. नवशिक्यांना वाद्ये उसनी दिली, कारण चांगला संच महाग आणि नामांकित कारागिरांकडे त्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते. रीड कशी करायची हे ज्याच्या-त्याच्या मुठीत झाकलेले गुपित होते. ते त्यांनी वर्ग घेऊन, छापून, पुढे चित्रफिती काढून उघड केले. जुन्या वाद्यांची मापे घेऊन ती कारागिरांना उपलब्ध करून दिली. वाद्ये घडविणाऱ्यांना शिकविण्याची सोय केली. डब्लिनच्या हेन्रिएटा रस्त्यावरच्या एका जुन्या वाड्यात तिचे कार्यालय आहे. आज वादक हजारोंच्या घरात आहेत, जपानपासून अमेरिकेपर्यंत पसरलेले आहेत, आणि २०१७ साली युनेस्कोने इलन पाइपवादनाची मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

आता प्रयोजन सांगतो. मी ज्या कारखान्यात उमेदवारी केली तो बंद पडला. मशिने भंगारात गेली, जमीन विकली गेली, आणि देणी मिळविण्यासाठी आम्ही वर्षानुवर्षे भांडलो. ते भांडण योग्यच होते आणि आजही चालू आहे. पण देण्यांच्या हिशेबात एक रक्कम कोणीच धरली नाही. डोळ्यांनी पाहून हजारांश इंचाचा फरक सांगणारे, आवाजावरून बेअरिंग ओळखणारे साठ-सत्तर कारागीर एका दिवशी घरी गेले. कोणी रखवालदार झाले, कोणी रिक्षा घेतली. त्यांचे ज्ञान कोणी टिपून घेतले नाही, त्यांच्या शेजारी कोणी पोरगा बसविला नाही. मालकाला त्याची गरज नव्हती, आणि युनियनला ते आपले काम वाटत नव्हते.

आयर्लंडच्या त्या शंभरांनी दाखविले की हे काम संघटनेचेच आहे. हुन्नर माणसाच्या हातात राहतो; तो वस्तुसंग्रहालयाच्या कपाटात राहत नाही. त्याला शिकविणारा लागतो, शिकणाऱ्याला परवडेल असे हत्यार लागते, गुपित उघड करण्याइतका विश्वास लागतो, आणि हे सारे वर्षानुवर्षे जमवून ठेवणारी सभासदांची वही लागते. आमच्या भागात गेल्या दोन वर्षांपासून आम्ही निवृत्त टर्नर-फिटरांचा एक रविवारचा वर्ग चालवितो. दोन जुने लेथ वर्गणी काढून घेतले आहेत. पोरे अकरा येतात. कधी सात येतात. शिकविणारे चौघे, आणि त्यांतल्या सर्वांत तरुणाचे वय एकसष्ट. आपल्यापैकी कोणाच्या घरी अशी जाणती माणसे असतील, तर त्यांना आमच्याकडे पाठवावे; आणि ते अवघड झाले तर निदान त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे. उशीर फार झालेला नाही, परंतु होत चालला आहे.